३०० प्रतींची उन्हाळी फोक-पॉप सिंगल : सूर कुठल्याच पट्टीत बसत नाही, दोष कुणाचा?

उन्हातान्हात
मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

एका छोट्या फोक-पॉप जोडगोळीची सात इंची सिंगल मागवली होती. एकूण ३०० प्रती, माझी १८७ वी, आकडा पेन्सिलीने हाताने घातलेला. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे आणि ती त्यांच्यावर करायची की माझ्या मशीनवर हेच ठरायचंय. ही दोन गाणी फक्त या तबकडीवर आहेत. स्ट्रीमिंगवर नाहीत, डाउनलोडचं कोडही नाही. म्हणजे ताडून बघायला दुसरं काही नाही. (ऑर्डर दिली तेव्हा ऐन उन्हाळा होता, हातात आली तेव्हा मी स्वेटर घालून बसलो होतो. असो.)

आधी कौतुक. ए बाजूला सुरुवातीला एकटी युकुलेली. मग टाळ्या, मग टँबरीन, आणि मग एक मुलगी गायला लागते. आवाज इतका कोवळा की शाळा सुटल्यावर धावत घरी आलेल्या पोरीने दारातच काहीतरी सांगायला सुरुवात करावी तसा. पाठीमागे व्हायोलिनसारखं काहीतरी, जरा नाकात बोलणारं. ऐकताना उठून खिडकी उघडावीशी वाटते. बी बाजूला जोडीतला दुसरा गातो. पुरुषाचा आवाज, गिटार, संथ. वाईट नाही, पण मी दोनदा ऐकली आणि पुन्हा ए बाजूकडे वळलो.

आता तक्रार. काल ए बाजूचे कॉर्ड्स काढायला कीबोर्ड घेऊन बसलो. पांढरी चारमध्ये (हार्मोनियमच्या पट्ट्यांच्या भाषेत) आहे असं वाटतं, पण गाणं तिच्यापेक्षा किंचित वर. काळी तीनला खूपच खाली. ट्यूनर ॲप म्हणतं २० सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा हिस्सा) चढलेलं. पूर्ण गाणंभर तेवढंच, कमी नाही की जास्त नाही. शिवाय शेवटच्या कडव्यात 'स' आला की शिट्टी वाजते.

टर्नटेबल दोन वर्षं जुनं, बेल्टवालं. लेबलवर काहीच छापलेलं नाही, नुसता पिवळा गोल. आतल्या कोऱ्या भागात एक वेटोळं कोरलंय, सूर्य असावा. दोष नक्की कुणाचा?

सुईवाली
पहिला संशय बेल्टवर. ताणलेला बेल्ट सहसा हळू फिरवतो, पण काही मशिन्सना खाली वेगाचा स्क्रू असतो आणि तो कारखान्यातूनच जरा चढा येतो. २० सेंट म्हणजे साधारण १.२ टक्के. तुझं ४५ (मिनिटाला फेरे) प्रत्यक्षात साडेपंचेचाळीस फिरत असेल तर हिशेब जुळतो.

दुसरी शक्यता, भोक मध्यावर नसणं. पण त्यात सूर चढलेला राहत नाही, तो हेलकावतो. ४५ वर एक फेरा १.३३ सेकंदांचा, तेवढ्या अंतराने सूर वर-खाली होईल. तू म्हणतोस गाणंभर तेवढाच चढलेला, म्हणजे ते नाही.

स्ट्रोब चकती लावून बघ, तिच्यावर रेघा असतात आणि वेग बरोबर असेल तर दिव्याखाली त्या स्थिर दिसतात. फक्त एक लक्षात ठेव : ५० हर्ट्झच्या दिव्याखाली ३३⅓ साठी बरोबर १८० रेघा लागतात, पण ४५ साठी उत्तर १३३⅓ येतं आणि रेघेचा तिसरा हिस्सा छापता येत नाही. म्हणून १३३ छापतात. त्याने पाव टक्क्याची चूक होते, साधारण चार सेंट. तुझे वीस त्यात बसत नाहीत. त्यापेक्षा फोनचं ॲप बरं, फोन प्लॅटरवर, म्हणजे फिरत्या थाळीवर ठेवायचा आणि फिरवायचं.

रोखठोक
एक गाणं ऐकायला बेल्ट, स्क्रू, स्ट्रोब आणि ॲप. चालू द्या.

मला मुळात हे कळत नाही की ३००च का? गाणं इतकं चांगलं असेल तर पाच हजार काढा. नसेल तर काढूच नका. 'मर्यादित आवृत्ती' हा शब्द मला नेहमी 'घाई करा' या पाटीसारखा वाटतो. पेन्सिलीने आकडा घातला म्हणून गाण्याची चाल सुधारते का?

बी बाजू
रोखठोक, तुम्ही धाग्यावर आलात म्हणजे आता प्रतिसादांची शंभरी नक्की. हलके घ्या.

तबकडीकाका
रोखठोक यांचा प्रश्न थट्टेवारी न्यावा असा नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

तबकडी छापताना बहुतेक खर्च पहिल्या प्रतीच्या आधीच होऊन जातो. लॅकर फासलेली चकती कापायची (म्हणजे तिच्यात खाच कोरायची), तिच्यावर चांदीचा पातळ थर चढवायचा, मग निकेलचा ठसा उचलायचा, त्यावरून दुसरा, त्यावरून स्टॅम्पर, म्हणजे छापायचा साचा. मग कुठे प्रेसमध्ये विनाइलचा गोळा दाबायचा. ३०० काढा की ८०० काढा, एका बाजूला एक स्टॅम्पर पुरतो. म्हणजे जास्त काढल्या तर प्रत स्वस्त पडते हे खरं. पण न खपलेल्या प्रती राहतात कुठे? वादकाच्या पलंगाखाली. ज्यांनी पलंगाखालची खोकी पाहिलीत त्यांना ३०० हा आकडा घाई करा वगैरे वाटत नाही, भीतीचा वाटतो.

आणि कधी कधी आकड्यामागे निव्वळ हिशेबनीस असतो. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकात शंभराच्या आत प्रती काढल्या की खरेदी कर लागत नसे, म्हणून खासगी रेकॉर्ड्स ९९ प्रतींच्या निघायच्या. आज संग्राहक त्या ९९ आकड्याला काय काय गूढ अर्थ लावतात!

फोक-पॉपमधलं माझं आवडतं उदाहरण ग्लासगोचं. १९९६ साली तिथल्या स्टो कॉलेजात संगीत-व्यवसायाच्या अभ्यासक्रमाचं स्वतःचं लेबल होतं. विद्यार्थ्यांनी शिकता शिकता दरवर्षी एक रेकॉर्ड काढायची. त्या वर्षी त्यांच्या वाट्याला बेल अँड सेबॅस्टियन आले, आणि 'टायगरमिल्क' हा अख्खा एलपी (मोठी, बारा इंची तबकडी) एक हजार प्रतींत निघाला. फक्त विनाइल. पुढे बँडचं नाव झालं, लोक प्रतीसाठी तडफडू लागले, कॅसेटवर उतरवलेल्या नकला हातोहात फिरल्या. १९९९ मध्ये पुन्हा छापून मिळाला तेव्हा कुठे जीव शांत झाले. विद्यार्थ्यांचा काही टंचाईचा डाव नव्हता हो. हजार खपतील का हीच तेव्हा काळजी असणार.

उलटही होतं. व्हॅष्टी बनियन या इंग्लिश गायिकेचा १९७० चा एलपी फारसा कुणी विकत घेतला नाही. तिने गाणं सोडलं आणि २००० मध्ये तो पुन्हा निघाला तेव्हा जगाने शोध लावल्यासारखा डोक्यावर घेतला. तिथे प्रती मर्यादित नव्हत्या, गिऱ्हाइकं मर्यादित होती.

रोखठोक
पलंगाखालची खोकी मान्य. पेन्सिल अमान्य.

कोमलनिषाद
काका, वाचनखूण साठवली.

मला सुराच्या भानगडीपेक्षा 'उन्हाळी' या शब्दात रस आहे. गाणं उन्हाळी वाटतं म्हणजे नक्की काय होतं? शब्दांत ऊन, समुद्र, सुट्टी असते म्हणून नाही. परक्या भाषेतलं, एक शब्द न कळणारं गाणंही उन्हाळी वाटतंच की.

माझं म्हणणं, ते खर्ज काढून टाकल्यामुळे होतं. गिटारवर वरच्या पडद्यावर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, युकुलेली घ्या, मॅन्डोलिन घ्या. तारेची लांबी कमी, नाद आखूड. छेडली की लगेच विझते, मग पुढची छेडावी लागते. त्यामुळे लय आपोआप उड्या मारते. वर टाळ्या आणि टँबरीन, म्हणजे निव्वळ वरची फ्रिक्वेन्सी, डोळ्यांवर येणाऱ्या उन्हासारखी. आवाजही छातीतून नाही, ओठांशी. सावली पडायला काही जाड लागतं ना, तेच काढून घेतलेलं असतं.

धागाकर्त्याने वर्णन केलंय त्यात यातलं सगळं आहे. युकुलेली, टाळ्या, कोवळा आवाज. फक्त लय किती आहे?

उन्हातान्हात
कोमलनिषाद, 'सावली पडायला काही जाड लागतं' हे फार आवडलं. लय मोजली, मिनिटाला १२४ ठोके.

सुईवाली ताई, ॲप लावून बघितलं. ४५.०२. तीनदा मोजलं, तेवढंच. म्हणजे मशीन निर्दोष सुटलं. मग वीस सेंट आले कुठून? त्यांनीच वाद्यं चढी लावली असतील का? काही लोक मुद्दाम ४४० पेक्षा वर लावतात म्हणे.

कोमलनिषाद
लावतात, पण वीस सेंट म्हणजे ४४५ च्या वर. दोघांच्या घरगुती बँडला ती हौस कशाला? पूर्वी टेपचा वेग जरा वाढवून गाणं चमकवायचे, तसं असू शकेल.

कव्हरवर वादकांची यादी आहे का?

उन्हातान्हात
आहे. दोघांचीच नावं. एकाच्या पुढे गायन आणि गिटार. दुसरीच्या पुढे चेलो, टँबरीन, टाळ्या. युकुलेलीचा उल्लेख नाही, आणि व्हायोलिनचाही. मला वाटलं विसरले असतील, किंवा पाहुणे कलाकार असतील.

सुईवाली
मशीन निर्दोष म्हणतोस तर 'स'च्या शिट्टीबद्दल लिहिते, तो माझा प्रांत.

तबकडी ठरावीक वेगाने फिरते, पण सुईखालून जाणारी खाच बाहेर वेगात असते आणि आत येता येता मंदावते. एलपीची पहिली खाच सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर पळते, शेवटची २१. सात इंचीवर ४५ ने बाहेर साधारण ४० आणि आत २५. म्हणजे सिंगलचा शेवट एलपीच्या शेवटापेक्षा बरा असतो, पण एलपीच्या सुरुवातीच्या जवळपासही नसतो. वेग कमी म्हणजे तेवढ्याच आवाजाच्या लाटा कमी जागेत कोंबायच्या. 'स', 'श', टँबरीन, शेकर यांच्या लाटा आधीच बारीक. सुईचं टोक त्या वळणांत मावत नाही आणि मग थुंकी उडाल्यासारखा आवाज येतो.

गंमत बघा, कोमलनिषाद ज्याला उन्हाळा म्हणतो ना, ते सगळं तबकडीवर कापायला सगळ्यात अवघड. खर्जाला जागा लागते, पण तो नीट बसवला तर निदान सुईला त्रास देत नाही. ऊन देतं. चांगला कापणारा असेल तर तो आधी 'स' दाबून घेतो, मगच लेथला, म्हणजे कापायच्या यंत्राला हात लावतो. तुझ्या शेवटच्या कडव्यात शिट्टी आहे म्हणजे गाणं आतपर्यंत गेलंय. किती लांब आहे?

कानसेन
प्रतिसाद काढून टाकला आहे.

तबकडीकाका
सुईवालीबाईंनी खाच छान उलगडली. मी पुन्हा अवांतर करतो, म्हातारपणी तेवढीच चैन.

उन्हाळी सिंगल म्हटलं की मला १९७० चं मंगो जेरी या ब्रिटिश बँडचं 'इन द समरटाइम' आठवतं. जगबँड (रिकाम्या जगात फुंकून ठेका धरणारा), पायाचा ठेका, तोंडाने काढलेले आवाज. फोकच म्हणायचं, पण रस्त्यावरचं. ब्रिटनमध्ये सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. मूळ रेकॉर्डिंग जेमतेम दोन मिनिटांचं झालं होतं. निर्माते बॅरी मरी यांनी काय केलं, मध्ये मोटारीच्या इंजिनाचा आवाज टाकला आणि तेच गाणं पुन्हा जोडलं. लोक पन्नास वर्षं ती मोटारसायकल समजून ऐकतायत, होती एक ट्रायम्फ मोटार.

आणि त्या सिंगलची दुसरी गंमत अशी की ती साधी सिंगल नव्हतीच. मॅक्सी-सिंगल म्हणून काढली होती, सात इंचांवर जास्त गाणी. ती बसावीत म्हणून ४५ ऐवजी ३३⅓ वर कापली. सात इंची म्हणजे ४५ ही आपल्या हाताची सवय आहे. १९४८ मध्ये कोलंबियाने ३३⅓ चा एलपी आणला, १९४९ मध्ये आरसीए व्हिक्टरने त्याला उत्तर म्हणून ४५ ची सात इंची आणली, मोठ्या भोकासकट. वेगांची ती लढाई पुढे आपसूक अशी मिटली की मोठी तबकडी ३३, छोटी ४५. पण ते काही निसर्गनियम नाहीत. मंगो जेरीच्या वेळीही कित्येकांनी पहिल्यांदा ती भलत्याच वेगात वाजवली असणार.

बी बाजू
काका. थांबा.

धागाकर्ते, सुईवालीने विचारलंय त्याचं उत्तर द्या. ए बाजू किती वेळ वाजते? घड्याळ लावून मोजा. आणि आतल्या कागदावर वेळ छापली असेल तर तीही सांगा.

उन्हातान्हात
मोजली. बरोब्बर चार मिनिटं.

कागदावर ५:२४ लिहिलंय. मला आत्तापर्यंत वाटत होतं छपाईची चूक.

बी बाजू
पाच चोवीस म्हणजे ३२४ सेकंद. चार मिनिटं म्हणजे २४०. भागा.

कोमलनिषाद
१.३५.

आणि ४५ भागिले ३३⅓ किती होतात ते सगळ्यांना माहीत आहे.

थांबा, अजून आहे. १.३५ पट म्हणजे सूर ५१९.६ सेंट वर. पाच अर्धस्वर झाले पाचशे सेंट. उरले वीस. अरे, तेच तुझे वीस सेंट! मशीन नाही, बेल्ट नाही, टेप नाही. गाणं पांढरी एकमध्ये आहे, अगदी सुरात. तू ते उचलून पांढरी चारच्या डोक्यावर बसवलंस.

आणि युकुलेली, देवा! गिटारच्या खालच्या बाजूच्या चार बारीक तारा घ्या, पाचव्या पडद्यावर कॅपो लावा, जे सूर येतात ते युकुलेलीचे. पाच अर्धस्वर. तुझ्या मशीनने गिटारची युकुलेली करून दाखवली. म्हणून कव्हरवर ती नाही.

सुईवाली
हसून हसून पुरेवाट. मी खाचेचा हिशेब सांगत बसले आणि वेगाचं बटण बघितलंच नाही.

आवाजाचंही सांगते. प्रौढ पुरुषाची आवाजाची नळी, स्वरयंत्रापासून ओठांपर्यंत, साधारण १७ सेंटिमीटर. वेग १.३५ पट केला की कानाला ती साडेबारा सेंटिमीटरची वाटते, म्हणजे लहान मुलाची. शाळेतून धावत आलेली मुलगी म्हणतोस ना, ती बी बाजूवर संथ गाणारा तोच माणूस आहे. चेलो नाकात बोलत होता त्याचंही कारण तेच.

शिट्टीही सुटली. ३३ वर सात इंचीची आतली खाच १९ सेंटिमीटरने जाते, एलपीच्या शेवटापेक्षाही हळू. तिथे 'स' आधीच कसाबसा बसवलेला, तू तो ४५ वर ओढलास. आणि एक, प्रीॲम्प (सुईचा बारीक आवाज मोठा करणारं यंत्र) खर्ज उचलून देतो तो ठरावीक फ्रिक्वेन्सीला. तुझा खर्ज त्या जागेवरून वर सरकला, म्हणून त्याला तेवढी उचल मिळाली नाही. कोमलनिषाद म्हणाला तसं, जाड ते सगळं गेलं.

मग बी बाजू? तिची वेळ?

उन्हातान्हात
२:५०. कागदावरही २:५०. ती ४५ चीच आहे.

सुईवाली
मग कापणाऱ्याने बरोबर केलंय. ४५ वर साडेपाच मिनिटं बसवायची तर खाचा दाटीने कापाव्या लागतात आणि आवाज पातळ करावा लागतो. छोट्या गाण्याला ४५, मोठ्याला ३३. असं करतात, फक्त लेबलवर तसं लिहायची पद्धत आहे.

रोखठोक
म्हणजे मर्यादित आवृत्तीत आधी शाई मर्यादित केली.

तबकडीकाका
ब्रिटिश रेडिओवर जॉन पील नावाचे थोर निवेदक होते. तेही हवेत चालू कार्यक्रमात रेकॉर्ड चुकीच्या वेगाने लावायचे, त्याबद्दल त्यांची ख्यातीच होती. तेव्हा उन्हातान्हात, तुम्ही चांगल्या पंगतीत आहात.

आता ३३ वर ऐकलंत का? लिहा की.

उन्हातान्हात
ऐकलं. काल रात्री तीनदा. लिहायला आज बसलोय.

बटण दाबलं आणि सुई ठेवली. पहिल्या सेकंदाला वाटलं वीज गेली आणि प्लॅटर थांबतोय. मग गिटार आली. खरी गिटार, लाकडाची, पोटात हवा असलेली. टाळ्या तर ओळखूच आल्या नाहीत. ४५ वर त्या पाच-सहा मित्र अंगणात उभे राहून वाजवतायत असं वाटायचं. आता कळतं की एकच जण आहे, आणि दोन टाळ्यांच्या मध्ये बाही घासल्याचा आवाज येतो.

लय ९२ वर आली.

शब्द तेच आहेत अर्थातच. बोलावणं आहे गाण्यात, उन्हाळा आहे, दार उघडं आहे, ये. ४५ वर ती मुलगी सांगते तेव्हा वाटतं खाली रस्त्यावर कुणीतरी सायकल घेऊन उभंच आहे. ३३ वर हा माणूस सांगतो तेव्हा कळतं की कुणी येणार नाही, आणि हे त्याला माहीत आहे. चेलो शेवटच्या कडव्यात गाण्याच्या खाली उतरतो आणि तिथेच राहतो. ४५ वर मी त्याला व्हायोलिन समजून मान डोलवत होतो.

'स'ची शिट्टी गेली. म्हणजे आहे थोडी, पण आता ती श्वासासारखी वाटते.

खरं सांगू का, गाणं निःसंशय जास्त चांगलं आहे. पण मला माझी ती मुलगी आठवतेय.

कोमलनिषाद
हे फार सुंदर लिहिलंस. आणि मला माझा सिद्धान्त परत तपासावा लागणार. मी उन्हाळा वाद्यांत शोधत होतो. तुझ्या ४५ च्या ऐकण्यात बँडने वाजवलेलं एकही 'उन्हाळी' वाद्य नव्हतं, टँबरीन आणि टाळ्या सोडल्या तर.

रोखठोक
सिद्धान्त कशाला तपासता? उलट सिद्धच झाला की. खर्ज कापा, तार आखूड करा, लय वाढवा, उन्हाळा तयार. बँडची गरजच नाही, नुसती मोटर पुरते.

आणि आता माझा मूळ मुद्दा. हे गाणं स्ट्रीमिंगवर असतं तर हा माणूस आठवडाभर चुकीचं गाणं ऐकत बसला असता का? फाइल एकाच वेगाने वाजते.

बी बाजू
रोखठोक, आठवडाभर एका गाण्यात इतका बुडालेला माणूस तुम्ही फाइल ऐकताना शेवटचा कधी पाहिलात?

रोखठोक
नाही पाहिला. पण फाइल ऐकणारा निदान बँडने जे केलं ते ऐकतो. तुम्ही लोक चुकीलाही पेन्सिलीने नंबर घालाल.

सुईवाली
भांडू नका. दोघंही थोडे बरोबर आहात आणि त्याने धागा लांबतो, चांगलंच आहे.

पण रोखठोक, 'बँडने जे केलं ते' हे तबकडीवर तसंही पूर्ण येत नाही. खर्ज मध्यावर, म्हणजे दोन्ही स्पीकरांत सारखा, आणावा लागतो, नाहीतर सुई उडी मारते. 'स' दाबावा लागतो. गाण्यांचा क्रमही खाचेकडे बघून ठरतो, गोंगाटाचं बाहेर आणि हळवं आत. कापणारा माणूस हा तिसरा वादकच असतो, फक्त त्याचं नाव कव्हरच्या पाठीवर बारीक अक्षरात असतं. आणि आता ज्या चकतीवर तो कापतो ती चकतीही दुर्मीळ. २०२० च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या बॅनिंगचा अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला, तेव्हापासून लॅकरसाठी जगाची भिस्त मुख्यतः जपानमधल्या एका छोट्या कंपनीवर आहे. उन्हातान्हातची सिंगल उन्हाळा उलटून आली ती एरवीही आली असतीच, प्रेसच्या रांगेत मोठ्या कंपन्यांचे एलपी पुढे असतात. पण ही साखळी केवढ्याशा धाग्यावर लोंबकळतेय तेवढं लक्षात असू द्या.

उन्हातान्हात
ताई, ही माहिती नवीन. कापणाऱ्याचं नाव शोधतो कव्हरवर.

बँडला पत्र लिहायचा विचार आहे. तक्रार म्हणून नाही. वेग छापायला हवा होता एवढं सांगावं, आणि मुलीबद्दल सांगावं की नाही ते ठरत नाहीये.

वाचनमात्र
नमस्कार. सहा वर्षं हे संस्थळ नुसतं वाचतेय, पहिलाच प्रतिसाद. चुकलं तर सांभाळून घ्या.

वर्णनावरून वाटतं ती माझ्याकडेही आहे. पिवळा गोल, पेन्सिलीचा आकडा, माझी २१२ वी. मी सुरुवातीपासून ३३ वरच ऐकली, पण त्यात माझं काही कौतुक नाही, आधी लावलेला एलपी काढून बटण न बदलता लावली गेली. त्यामुळे माझ्याकडे ए बाजू बरोबर वाजली आणि बी बाजू चुकीची. मला वाटत होतं बी बाजूवर कुणीतरी फार वयस्कर, आजारी माणूस गातोय. आजोबांचं रेकॉर्डिंग असावं अशी मी माझ्यापुरती एक गोष्टही रचली होती. हा धागा वाचून आत्ता ४५ वर लावली. तरुण आहे हो तो.

एक विचारायचं होतं. धागाकर्त्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय की आतल्या कोऱ्या भागात सूर्य कोरलाय. ती खूण लॅकरवर हाताने कोरतात ना, म्हणजे तीनशेही प्रतींवर तीच असणार. माझ्याकडे सूर्य नाही. जरा दिव्याखाली तिरकी धरून बघाल का? वेटोळ्याच्या खाली एक आडवी रेघ आहे, आणि पुढे दोन शिंगं.

उन्हातान्हात
बघितलं.

गोगलगाय आहे.

तबकडीकाका
अहो, आणि गोगलगायीच्या पुढे?

उन्हातान्हात
पुढे बारीक अक्षरांत मॅट्रिक्स नंबर, म्हणजे कापलेल्या चकतीचा ओळख-क्रमांक. शेवटी ३३.

सुईवाली
लेबलवर नाही लिहिलं, खाचेत लिहिलं! कापणाऱ्याला माहीत होतं हे होणार. बी बाजूला काय आहे?

वाचनमात्र
बी बाजूला नंबर आणि ४५. चित्र नाही.

रोखठोक
बरं, गोगलगाय मान्य.

बी बाजू
स्क्रीनशॉट काढून ठेवतोय.

उन्हातान्हात, आता करताय काय? ३३ की ४५?

उन्हातान्हात
सध्या वाचनमात्र यांचे आजोबा ऐकतोय. बी बाजू, ३३ वर. अजून तिसरं कडवं यायचंय, नंतर लिहितो.